वेंडेलिनच्या अकरा खेपा

वेंडेलिन फेटिगला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो आमच्या गोठ्यामागे उकिडवा बसून माती चाखत होता. १९४० च्या मे महिन्यातली गोष्ट. माझे लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. सासऱ्यांनी पेरणीसाठी ठेवलेला हा नवा गडी सतरा वर्षांचा, माझ्याहून तीनच वर्षांनी लहान. मी विचारले, "भूक लागलीय का रे?"

तो लाजून थुंकला. "नाही बास, खारट आहे का बघत होतो. इथे बटाटे लावू नका म्हणावं मालकांना."

समुद्र ओलांडून इथे वसलेल्या आमच्या लोकांत मोठ्या बाईला बास आणि मोठ्या पुरुषाला फेटर म्हणायची रीत आहे, मग नाते असो वा नसो. वीस वर्षांच्या मला कोणीतरी बास म्हटले याचे मला इतके अप्रूप वाटले की बटाट्यांचे सांगायलाच विसरले. बटाटे लावले गेले. सुपारीएवढे निघाले.

वेंडेलच्या बापाची जमीन दोघा थोरल्या भावांत संपली होती. याच्या वाट्याला काहीच आले नाही, आणि त्याबद्दल तो कधी कुरकुरलाही नाही. लग्न केले नाही. सेंट अगाथा गावाच्या टोकाला दोन खोल्यांचे घर, दारात सूर्यफुले, आणि वर्षातले दहा महिने आमचे शेत. माझे यजमान पायस आणि तो एकाच नांगरामागे चालून म्हातारे झाले. दोघेही शेतात सूर्यफुलाच्या बिया चघळत आणि टरफले थुंकत. पायस म्हणत, "नांगर कुठे वळला ते टरफलं बघून सांगता येतं."

आमच्या पायाखाली कोळसा आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. सासऱ्यांच्या तरुणपणी लोक ओढ्याच्या काठावरून फावड्याने काढून चुलीत घालत. मग नाइफ नदीच्या खोऱ्यात वीज बनवायचे कारखाने आले आणि घराएवढ्या बादल्यांची यंत्रे आली. सुरुवातीला त्यांनी जमीन उलथली ती तशीच टाकून दिली. गावाच्या दक्षिणेला अजून त्या टेकड्या आहेत. वरचे खाली, खालचे वर. तिथे आजही धड तण उगवत नाही. माझी मुले लहानपणी त्यांना चंद्र म्हणत.

म्हणून राज्याने पुढे कायदा केला. कंपनीचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात बसून तो वाचून दाखवत होता आणि पायस माझ्यासाठी त्याचा अर्थ लावत होते. "म्हणजे असं बघ ओटिलिया. वरची काळी माती म्हणजे गोधडी. तिच्याखालची दुसरी माती म्हणजे गादी. गोधडी काढून एका ढिगात, गादी दुसऱ्या ढिगात. ढिगावर पाटी लावायची, गवत पेरायचं, वाऱ्याने उडू द्यायची नाही. कोळसा काढला, खड्डा बुजवला, की आधी गादी, मग गोधडी. आणि मग दहा वर्षं पीक घेऊन दाखवायचं, शेजारच्या न खणलेल्या शेताइतकं. तोवर शेत कंपनीच्या कचाट्यातून सुटत नाही."

"आणि दोन्ही मिसळले तर?" मी विचारले.

"तर दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून," कंपनीचा माणूस म्हणाला.

या कायद्याने वेंडेलला चौपन्नाव्या वर्षी नोकरी मिळवून दिली. गोधडी कुठे संपते आणि गादी कुठे सुरू होते हे कोणीतरी जागेवर उभे राहून सांगायला हवे होते. काळा थर कुठे वीतभर, कुठे दीड वीत, तर चढावर चार बोटे. माती सोलणाऱ्या यंत्राला स्क्रेपर म्हणतात. त्याच्या पोटाखाली लांब पाते असते. ते पुढे जात जात माती सोलून पोटात भरते आणि दूर ढिगावर नेऊन ओतते. चालवणारा उंच बसलेला, त्याला पात्याखालचे दिसत नाही. त्याच्यापुढे एक माणूस पायी चालतो. उघडा पंजा दाखवला की आणखी काढ. मूठ मिटली की पाते उचल. एवढीच त्यांची भाषा. वेंडेल अकरा वर्षे तसा यंत्रापुढे चालला.

कंपनीने त्याला एक छोटी बाटली दिली होती. तिच्यात आम्ल असे. काळ्या मातीवर थेंब टाकला तर काही होत नाही. खालच्या फिकट, चुनखडीच्या मातीवर टाकला तर फसफसते. शंका आली की थेंब टाकायचा, असा नियम होता. वेंडेलची बाटली कोटाच्या आतल्या खिशात असायची आणि तिच्या बुचावर धूळ.

"बूच तरी कधी उघडलंस का?" मी एकदा विचारले.

"बास, तुम्ही सूप करताना मिठासाठी पुस्तक उघडता का?"

आमच्या उत्तरेकडच्या शेताचा करार करायची वेळ आली तेव्हा पायसनी एकच अट घातली. आमच्या शेतावर यंत्रापुढे वेंडेल चालेल, दुसरा कोणी नाही. कंपनीच्या माणसाला हसू आले, पण त्याने ते लिहून घेतले. १९८३ च्या ऑगस्टमध्ये पायस गेले. शेवटच्या आठवड्यात वेंडेल रोज येऊन बसे. पायस त्याला एवढेच म्हणाले, "माझी माती मला परत आणून दे." वेंडेल म्हणाला, "आणतो, फेटर." मी तिथेच होते.

ऑक्टोबरमध्ये शेत सोलले गेले. पुढची तीन वर्षे मी त्या बाजूची खिडकी फारशी उघडली नाही. मग खड्डा बुजला, गादी पसरली, गोधडी पसरली. माती पसरण्याचे ते काम वेंडेलचे शेवटचे. १९८९ च्या वसंतात तिथे गहू पेरला आणि दहा वर्षांची मोजणी सुरू झाली.

गहू चांगला आला. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, चर्चच्या अंगणाएवढा एक तुकडा, दरवर्षी पिवळा पडायचा. कंपनीवाले म्हणत, एवढे चालायचेच. मीही तसेच समजत होते. वेंडेल मात्र नोकरी सुटल्यापासून माझ्याकडे यायचा कमी झाला. रविवारी चर्चमध्ये दिसायचा, टोपी छातीशी धरून, मान खाली. मला वाटले, वय झाले.

१९९९ च्या जूनमध्ये पत्र आले की दहा हंगाम पूर्ण झाले. जुलैत राज्याच्या राजधानीहून, बिस्मार्कहून, निरीक्षक येईल. सगळे ठीक असले तर शेत मोकळे होईल. माझी नात मोनिका आणि तिचा नवरा त्या शेतावर डोळे लावून बसले होते. मी एकोणऐंशी वर्षांची. शेत सुटले की त्यांच्या नावावर करायचे आणि हे माझ्या डोळ्यांदेखत व्हायचे, एवढीच माझी इच्छा होती. मी वेंडेलला फोन करून बातमी सांगितली. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मी साय-अंड्याच्या थरावर आलुबुखार घालून कूखन, आमचा गोड पाव, भाजला होता. त्याने ताटलीला हात लावला नाही. वेंडेलने कूखन नाकारला असे एकोणसाठ वर्षांत झाले नव्हते.

"पोट बिघडलंय का?" मी विचारले.

"बास, तो पिवळा तुकडा माझ्यामुळे आहे."

मी चहा ओतायची थांबले.

"शेत सोलत होतो त्या दिवसांत एक सकाळ होती. रात्रभर भुरभुर पडलेली. आभाळ असं खाली आलेलं. काळा थर एकदा काढून झाला होता, पण खाली अजून काळंच दिसत होतं. मला वाटलं, फेटर पायसची माती आहे, दाट असणारच. म्हटलं काढ अजून. दोन तास पंजा दाखवत होतो. अकरा खेपा. दुपारी ऊन आलं, वारा आला, आणि सगळं सुकलं. बास, खाली राखाडी होतं. ओली होती म्हणून काळी दिसत होती."

"आणि बाटली?"

"बाटली खिशात होती."

बाहेर मोनिकाचा ट्रॅक्टर घरघरत होता. वेंडेल टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

"ओली माती काळी दिसते हे शेंबड्या पोरालाही कळतं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं माती तुडवली आणि मलाच कळलं नाही. अकरा खेपा फिकट माती गोधडीच्या ढिगात गेली. तेव्हाच सांगितलं असतं तर उचलून दुसरीकडे टाकता आली असती. फेटरना पुरून दोन महिने झाले होते. माझं तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी माती पडली, मग आणखी. परत पसरायच्या वेळी मी ढिगात खूप शोधलं, सापडली नाही. आणि मग पहिल्याच वर्षी तो तुकडा पिवळा आला."

"सोळा वर्षं हे घेऊन फिरतोयस?"

"त्या निरीक्षकाला सांगणार आहे. तुमचं शेत आहे, म्हणून आधी तुम्हाला."

इथे मला जे वाटले ते लिहायला हवे. मला त्याची दया आली नाही. मला राग आला, आणि तो चुकीचा नव्हे, सांगण्याचा. शाळेतल्या सिस्टर अडेलगुंडिसनी आठ वर्षे मला शिकवले होते की खरे बोलण्याला वेळकाळ नसतो. पण मी मनात बेरीज केली: आणखी दहा वर्षे म्हणजे मी एकोणनव्वद.

"गप्प बस," मी म्हणाले. "पीक येतंय ना? एका कोपऱ्यासाठी अख्खं शेत अडकवणार का?"

"कायदा आहे, बास."

"कायदा तू मोडलास तेव्हा कुठे गेला होता?"

हे मी बोलायला नको होते. तो उठला, टोपी घातली आणि दारात थांबून म्हणाला, "फेटर पायसना मी शब्द दिला होता. माती परत आणून देतो म्हणून. नाही आणली आणि आणली म्हणून कागदावर तुमची सही घेतली, तर तो शब्द दुसऱ्यांदा मोडेल."

तो गेल्यावर मी कूखन झाकून ठेवला. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पाऊसपाण्याच्या जुन्या वहीत शोधून त्या पावसाची तारीख काढली, सहा ऑक्टोबर, आणि ती कागदावर लिहून त्याच्या दाराच्या फटीत सरकवली. वर एवढेच लिहिले: सांगायचंच असेल तर नीट सांग.

निरीक्षक जुलैच्या पंधरा तारखेला आली. जोलीन सोलबर्ग तिचे नाव, तिशीची असेल, उन्हाने नाक सोललेले, गाडीच्या मागे फाइलींची दोन खोकी. वेंडेल रविवारचा शर्ट घालून, दाढी करून बांधावर उभा होता. मी मोनिकाच्या गाडीत बसून गेले. गहू ओंबीला आला होता.

"तुम्ही कंपनीतर्फे का?" जोलीनने त्याला विचारले.

"नाही. मी ही माती काढली होती."

"यंत्र चालवत होतात?"

"यंत्रापुढे चालत होतो. मला काहीतरी सांगायचंय आणि ते तुम्ही लिहून घ्या."

त्याने सगळे सांगितले. पाऊस, पंजा, अकरा खेपा, ऊन. बाटलीचेही सांगितले, ते कोणी विचारले नसताना. जोलीनने मध्ये एकदाही त्याला तोडले नाही. तिने खरोखर सगळे लिहून घेतले. मोनिका माझ्याकडे बघत होती. तिला मी काहीच सांगितले नव्हते.

"आजी, हे काय आहे?" ती पुटपुटली.

"ऐक नुसतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"महिन्याभरापासून."

मोनिकाने ओठ आवळले. तिचे आजोबा चिडले की असेच करायचे.

जोलीनने वही मिटली. "मिस्टर फेटिग, मला तो तुकडा दाखवा."

आम्ही गव्हाच्या कडेने चालत गेलो. ईशान्येच्या कोपऱ्यात गहू गुडघ्याएवढा आणि पिवळट; बाकीचा कमरेएवढा. जोलीनने गाडीतून एक पोकळ लोखंडी नळी आणली. ती जमिनीत दाबायची, फिरवायची आणि वर काढायची. आत माती जशीच्या तशी उभी मिळते. तिने नळी दाबली. वेंडेल दुसरीकडे बघत होता.

तिने नळी आडवी धरून ती मातीची कांडी जमिनीवर पसरलेल्या कापडावर ठेवली. मी वाकले. वरपासून दीड वीत काळी. नंतर तपकिरी.

"ओली आहे," वेंडेल म्हणाला. "ओली काळी दिसते. मी तेच तर सांगतोय."

"बरोबर आहे तुमचं," जोलीन म्हणाली आणि खिशातून बाटली काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या. तुम्हीच टाका."

त्याने बूच काढले. पहिला थेंब कापडावर पडला. दुसरा काळ्या मातीच्या मधोमध. आम्ही चौघे चार कावळ्यांसारखे त्या थेंबाभोवती वाकलो होतो. काही झाले नाही. थेंब मातीत जिरला. त्याने वीतभर खाली टाकला. काही नाही. तपकिरी भागावर टाकला तेव्हा बारीकसे फसफसले.

"तिथे फसफसायलाच हवं," जोलीन म्हणाली. "ती गादी... म्हणजे दुसरा थर."

"आम्हीही गादीच म्हणतो," मी म्हणाले.

तिने त्या तुकड्यात आणखी सहा ठिकाणी नळी दाबली. सातही ठिकाणी तेच. वर स्वच्छ काळी माती, हवी त्याहून दोन बोटे जास्तच. मग तिने खालची माती बोटांनी फोडून वेंडेलला दाखवली. तिच्यात गंजासारखे ठिपके होते.

"हे ओळखता?"

वेंडेलने ढेकूळ हातात घेतले, नाकाशी नेले. जिभेला लावणार होता, पण तिच्याकडे बघून थांबला.

"चाखा की," ती म्हणाली. "माझे आजोबाही चाखायचे."

त्याने चाखले. बराच वेळ जीभ फिरवली. "पाणी," तो म्हणाला. "इथे पाणी साठतं."

"भराव खाली बसलाय. वीतभर खोलगट भाग झालाय, डोळ्यांना दिसत नाही. बर्फ वितळलं की मे संपेपर्यंत गव्हाचे पाय ओले. म्हणून पिवळा."

"मग माझ्या अकरा खेपा कुठे गेल्या?"

"ते मलाही माहीत नाही," जोलीन म्हणाली. "पण इथे नाहीत. उरलेल्या शेतात बघते."

तिने संध्याकाळपर्यंत अख्ख्या शेतात चाळीस ठिकाणी नळी दाबली. वेंडेल तिच्यामागे बाटली घेऊन चालत होता. कुठेही वरच्या थरात फसफसले नाही. जाताना ती म्हणाली, "त्या वर्षीचे रोजचे तक्ते कंपनीला ठेवावे लागतात. तारीख आहे तुमच्याकडे?" वेंडेलने खिशातून माझा कागद काढून दिला.

"शेत सुटेल ना?" मी विचारले. मोनिकाने माझा हात धरला होता. तिचा राग गेला होता की नाही कळत नव्हते.

"तक्ता बघितल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही, मॅडम. माणसाने स्वतःहून चूक सांगितली आहे, ती मला कुठेतरी सापडली पाहिजे."

तो आठवडा सरता सरेना. वेंडेल रोज यायला लागला. बोलत नव्हता, पण खात होता. शुक्रवारी जोलीनचा फोन आला तेव्हा तो समोर बसून क्नेफ्लाचे, म्हणजे कणकेच्या गोळ्यांचे, सूप ओरपत होता. मी फोनचा आवाज मोठा केला.

"तक्ता मिळाला," ती म्हणाली. "सहा ऑक्टोबर, स्क्रेपर क्रमांक चार. सकाळच्या खेपा तेवीस. त्यातल्या बारा पहिल्या ढिगावर. अकरा दुसऱ्या ढिगावर. शेजारी एक शब्द लिहिलाय, 'फिकट'. खाली सही, ए. ट्वेट."

वेंडेलचा चमचा वाडग्यात पडला. "आर्विड?"

"म्हणजे तुमची फिकट माती फिकट मातीतच गेली, मिस्टर फेटिग. चालवणाऱ्यानेच नेली. माझ्याकडून आक्षेप काही नाही. कागद पुढे पाठवते आहे."

मी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीवर बसले. मोनिका दारातून ओरडत अंगणात नवऱ्याला सांगायला पळाली. वेंडेलने दोन्ही हातांनी तोंड झाकले होते. मला वाटले रडतोय. हात काढले तेव्हा तो चिडलेला होता.

"सोळा वर्षं!" तो म्हणाला. "बास, त्या नॉर्वेजियनाने सोळा वर्षं मला सांगितलं नाही!"

आर्विड ट्वेट हा स्क्रेपर चालवणारा लूथरन पंथाचा माणूस, आता मुलीकडे राहत होता, आमच्यापासून वीस मैलांवर. लोक म्हणत, आर्विडने लग्नात 'हो' म्हटले त्यानंतर वर्षभराचे बोलणे संपले. दुसऱ्याच दिवशी वेंडेल म्हणाला, "चला." मोनिकाने गाडी काढली आणि मी मागे बसले, मांडीवर कूखन घेऊन.

आर्विड ओसरीवर बसला होता, गुडघ्यावर चादर. त्याने वेंडेलला पाहिले आणि मान हलवली, काल भेटल्यासारखी.

"अरे, सहा ऑक्टोबर," वेंडेल दारातूनच म्हणाला.

आर्विडने थोडा विचार केला. "पाऊस होता."

"अकरा खेपा दुसऱ्या ढिगावर टाकल्यास!"

"हो."

"का?"

"फिकट होती."

"तुला वरून कसं दिसलं? मला खाली उभं राहून दिसलं नाही!"

"दिसलं नाही. आवाज आला." आर्विडने हाताने माती चढल्यासारखे दाखवले. "काळी पात्यावर गुपचूप चढते. चुन्याची खरखरते. पहिली खेप चढतानाच खरखरली. म्हटलं ही दुसऱ्या ढिगाची."

"मग मला सांगायचं ना! थांबवायचं!"

"मी बघत होतो तुझ्याकडे. मूठ करशील म्हणून. तू पंजाच दाखवत होतास."

"अरे पण खाली उतरून तोंडाने सांगता आलं नसतं?"

आर्विडने चादर सारखी केली. मग माझ्याकडे बोट केले. "यांचा नवरा गेला होता. तुझं तोंड असं झालं होतं, की तुला अजून एक गोष्ट कुठे सांगू? आणि दुपारी तू स्वतःच मूठ मिटलीस. म्हटलं कळलं याला. ढीग टेकडीपलीकडे, तुला दिसत नव्हते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"मला वाटलं तुला ठाऊक नाही."

"मग विचारायचंस."

"तुला? तुला विचारायचं? अकरा वर्षांत तू माझ्याशी अकरा वाक्यं बोललास!"

"आजची धरून तेवढी नक्की झाली असतील," आर्विड म्हणाला, आणि त्याची मुलगी आतून हसल्याचे ऐकू आले.

वेंडेल पायरीवर बसला. हसायला लागला तो थांबेना. डोळे पुसत हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता. "सोळा वर्षं," तो मध्येच म्हणे, "सोळा वर्षं पाद्रीबाबांना दर ईस्टरला पापकबुलीत सांगतोय. एकदा तर ते म्हणाले, वेंडेलिन, या वेळी दुसरं काहीतरी घेऊन ये."

मी कूखन कापला. आर्विडने तीन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्यानंतर म्हणाला, "छान आहे." ते मोनिकाने बारावे वाक्य म्हणून मोजले.

निघताना वेंडेलने त्याचा हात हातात घेतला आणि सोडेना. "तू नसतास तर," तो म्हणाला, "मी फेटर पायसना काय सांगणार होतो?"

"मी गाडी चालवत होतो," आर्विड म्हणाला. "माती तूच दाखवलीस. एक सकाळ सोडून."

परतीच्या वाटेवर वेंडेल पुढच्या सीटवर झोपून गेला, तोंड उघडे टाकून. मोनिका मला आरशातून म्हणाली, "आजी, तुम्ही त्याला गप्प बस म्हणाला होतात ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. म्हणाला, बास रागावल्या होत्या, पण तारीख त्यांनीच शोधून दिली."

गप्प बस म्हणाले होते हे खरेच होते, आणि तो गप्प बसला नाही म्हणून मी त्या गाडीत हलक्या मनाने बसले होते, हेही खरे होते. त्या रविवारी चर्चमध्ये तो माझ्या पुढच्या बाकावर होता आणि मान वर करून, बेसूर, सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस पत्र आले. शेत मोकळे झाले होते. कंपनीची माणसे बांधावरच्या पाट्या काढून घेऊन गेली. नोव्हेंबरात कागद मोनिकाच्या नावावर झाले आणि त्याच दिवशी दुपारी तिचे आणि वेंडेलचे भांडण लागले. ती त्या ओल्या कोपऱ्यात भर टाकून सपाट करायची म्हणत होती. तो म्हणत होता, अजिबात नाही.

"भर कसली टाकणार? कुठली माती आणणार? बघितलीस का आधी?"

"फेटर, शेत आता माझं आहे."

"तुझं आहे म्हणून तर भांडतोय. कंपनीचं होतं तेव्हा भांडता येत नव्हतं. तिथे गवत पेर. वसंतात बदकं उतरतील."

"बदकांनी काय होणार?"

"काही नाही. बघायची."

मी खिडकीतून ऐकत होते. उत्तरेकडची खिडकी, उघडी, बाहेर थंडी असूनही. शेवटी मोनिकाने गवत पेरायचे कबूल केले, एका वर्षापुरते. वेंडेल आणखी चार वर्षे जगला आणि ते एक वर्ष दरवर्षी वाढवून घेत राहिला.